नवे मूत्रपिंड जपताना रक्तवाहिन्याही जपा

दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने परके समजून नाकारू नये, म्हणून रुग्णाला रोज औषधे घ्यावी लागतात. १९८३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सायक्लोस्पोरिनमुळे प्रत्यारोपणाचे यश खूप वाढले. परंतु या औषधाने आणि नंतर आलेल्या टॅक्रोलिमसनेही रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो. स्टिरॉइडमुळे साखर व कोलेस्टेरॉल वाढते. त्यामुळे मूत्रपिंड उत्तम चालत असतानाही अनेक रुग्ण हृदयविकाराने दगावतात.

मात्र घाबरून गोळ्या बंद केल्या, तर मूत्रपिंडच गमावण्याची वेळ येते. त्यापेक्षा रक्तदाब घरी मोजून वहीत लिहा, मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रक्ततपासणी चुकवू नका. पपनस खाऊ नका. त्याने औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. छातीत दुखले किंवा बोलताना जीभ अडखळली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा.