भूगोलात एमए करून काय करतलंस?

मालवणात निकाल लागले आणि घरातल्या मुलीने भूगोलाचं नाव काढलं, की वरचा प्रश्न आधी चुलत्याकडून येतो, मग शेजारून. प्रश्नात चूक काही नाही. त्यामागच्या समजुती मात्र तपासायला हव्यात, कारण त्यातली एखादी चांगलीच महागात पडते.

ती आधी घेऊ. नव्या शैक्षणिक धोरणात बारावीनंतर दोन वर्षांत पदवी मिळते, असं बऱ्याच पालकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. तसं नाही. २०२० च्या धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स. दुसऱ्या वर्षी थांबणाऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीप्रमाणे चार श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमही पुरा करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येऊन राहिलेली पदवी पूर्ण करण्याची सोय आहे, पण हातातली पदविका म्हणजे पदवी नव्हे, आणि 'पदवीधर' मागणाऱ्या जाहिरातीला ती चालत नाही. दोन वर्षांची पदवी आहे ती पदव्युत्तर, चार सत्रांची. तीही फक्त एमएच असते असं नाही. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात भूगोलाची एमए आणि एमएस्सी दोन्ही होते.

राजधान्या, नद्यांची लांबी, पिकांची यादी पाठ करायची, हा समज शाळेतून येतो आणि त्याला शाळाच जबाबदार आहे. एमएच्या वर्गात पाठांतरापेक्षा मोजणी जास्त असते. १:५०,००० चा स्थलनिर्देशक नकाशा उलगडून दोन सेंटिमीटरात एक किलोमीटर वाचायचा, उपग्रहाच्या प्रतिमेवरून वस्ती आणि खारफुटी वेगळी काढायची, संगणकावर जीआयएसचे, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीचे, थर एकावर एक ठेवायचे, संख्याशास्त्र करायचं. गणिताला घाबरून भूगोल घेणारे पहिल्याच सत्रात अडकतात.

'दर्या आमच्या दारात, तो कॉलेजात जाऊन कित्याक शिकूचो?' हा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो अर्धा खरा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा हिशेब कोकणात जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: चतुर्थीला तीन वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याची ही तोंडी हिशेबाची सोय. पण हा आडाखा मुंबईच्या आसपास चांगला बसतो. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेला सरकते, त्यामुळे मालवणात भरती मुंबईआधी लागते. शिवाय मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, इथे तो साधारण निम्मा. खंभातच्या आखाताकडे समुद्रबूड जमीन रुंद आणि उथळ होत जाते, म्हणून पाणी तिकडे चढत जातं. रापणीचं जाळं ओढणाऱ्याला आपल्या किनाऱ्याची वेळ कळतेच. ती दुसऱ्या किनाऱ्यावर का बदलते, हे सांगायला अभ्यास लागतो.

पुळणीचंही तसंच. जून-जुलैत वाळू गेली की 'समुद्राने किनारा खाल्ला' अशी ओरड होते. पावसाळी लाटा वाळू ओढून पाण्याखालच्या दांड्यावर नेतात आणि हिवाळ्यातल्या शांत लाटा त्यातली बरीचशी परत आणून टाकतात. कायमची धूप कोणती आणि हंगामी कोणती, हे एकाच रेषेवर पावसाळ्याआधी आणि नंतर, वर्षानुवर्षं पातळी मोजल्याशिवाय सांगता येत नाही. देवबागसारख्या, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असलेल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर तर हा फरक कळणं घरादाराचा प्रश्न आहे. दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातला की काम संपलं, हाही एक गैरसमजच. बंधारा संपतो त्या टोकाला लाटा अनेकदा अधिक जोराने वाळू उकरतात. देवबागच्या 'सुनामी बेटा'ची गोष्टही जपून घ्यावी. २००४ च्या सुनामीने ते वर काढलं, असं पर्यटकांना सांगतात. खाडीच्या मुखाशी नदीची वाळू, भरतीचा प्रवाह आणि लाटा असे दांडे घडवत-मोडत असतातच, त्याला सुनामी लागत नाही.

आता नोकरी. 'शाळेत मास्तर' हे उत्तर लोक गृहीत धरतात, पण नुसत्या एमएवर शाळेतही जाता येत नाही. बीएड लागतं, आणि वरिष्ठ महाविद्यालयासाठी ५५ टक्के व नेट किंवा सेट. दुसरा घोटाळा भूगर्भशास्त्राशी. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून सड्यावरच्या विहिरी मेमध्ये कोरड्या का, तर जांभ्यातून पाणी झिरपून लवकर निघून जातं, हे भूगोलात शिकता येतं. पण भूजल सर्वेक्षणातल्या भूवैज्ञानिकाच्या पदासाठी भूगर्भशास्त्राची पदवी मागतात. अर्ज भरण्याआधी हे बघावं.

दार उघडं आहे ते नकाशांच्या कामात. होमस्टे बांधणाऱ्या प्रत्येक मालवणकराला सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा, नकाशा माहीत असतो. २०१९ च्या अधिसूचनेनुसार त्यातली भरतीरेषा चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली धरतात. हैदराबादचं इन्कॉइस हे महासागर माहिती केंद्र उपग्रहाने टिपलेलं समुद्राचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहून मासे कुठे असण्याचा संभव आहे ते मच्छीमारांना कळवतं. अशा ठिकाणी पदवीपेक्षा जीआयएस चालवता येणं आधी विचारतात.

सगळं इंग्रजीतच असतं, ही भीतीही फार धरू नये, डॉ. श्रीकांत कार्लेकर यांनी कोकण किनाऱ्यावर मराठीत पुष्कळ लिहिलं आहे. सॉफ्टवेअर महाग म्हणून अडायचं कारण नाही, क्यूजीआयएस फुकट आहे. प्रवेश घेताना फी विचारतोच आपण. त्याबरोबर विभागात चालू स्थितीतले संगणक किती आणि दोन वर्षांत प्रत्यक्ष क्षेत्रभेटीचे दिवस किती, हेही विचारावं. उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर दुसरं महाविद्यालय बघावं.