साडेतिनातला अर्धा

लोहगडवाडीतून लोहगडाच्या पायऱ्या चढू लागलं की गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. माथ्यावर सोळा कोनांचं तळं आहे, बावही आहे. ही बांधकामं नाना फडणवीसांची. १७८९ च्या सुमारास त्यांनी गड बळकट केला, खजिना इथं हलवला आणि विश्वासातल्या धोंडोपंत नित्सुऱ्यांना किल्लेदार नेमलं.

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नाना अर्धेच! सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे पूर्ण, कारण ते लेखणीबरोबर तलवारही चालवत. नाना अठराव्या वर्षी पानिपतातून जीव मुठीत धरून परतले. आई तिथंच हरवली. पुढे विठ्ठल सुंदर १७६३ मध्ये राक्षसभुवनला पडले. सखारामबापूंना तर नानांनीच कैदेत टाकलं. आणि हे ‘अर्धे’ १८०० पर्यंत, थोड्याफार खंडानं, राज्य हाकत राहिले.

हे कसं जमलं असेल? नेता कशानं घडतो, यावरच्या अनेक अभ्यासांची गोळाबेरीज २००२ मध्ये टिमथी जज या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी केली. शून्य म्हणजे संबंधच नाही आणि एक म्हणजे पुरता संबंध, अशा मोजपट्टीवर चारचौघांत खुलणारा स्वभाव आणि पुढारी म्हणून उठून दिसणं यांचं नातं ०.३३ भरलं. पण नेतृत्व प्रत्यक्षात किती परिणामकारक, हे पाहिलं तर तेच नातं ०.२४ वर आलं. म्हणजे बोलका माणूस नेता वाटतो जास्त, ठरतो त्याहून कमी. बुद्धीचा संबंध २००४ च्या त्यांच्याच अभ्यासात ०.२७, आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी. २०१७ मध्ये तर ३७९ अधिकाऱ्यांच्या पाहणीत बुद्ध्यंक साधारण १२० च्या पुढे गेल्यावर लोकांना दिसणारं नेतृत्व घसरू लागलं. अतिहुशाराच्या मागे जाणं माणसांना जड जातं!

चिंताळू स्वभाव २००२ च्या आकड्यांत उणे, म्हणजे उलट्या संबंधाच्या, बाजूला पडतो, आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते इथं. नानांची काळजी मात्र पत्रांत, बातमीदारांत, हिशेबांत आणि इथल्या दगडी बांधकामात मुरली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले निजामाविरुद्ध एकत्र उभे राहिले, ते या तलवार न चालवणाऱ्या माणसाच्या जुळवाजुळवीनं.

पण तीच काळजी शनिवारवाड्यात पहारा झाली. सवाई माधवरावांवर नानांची इतकी करडी नजर होती की त्यांना कारभारात मोकळेपणी पाऊल टाकता आलं नाही. ऑक्टोबरमध्ये, खर्ड्यानंतर सातच महिन्यांनी, हे एकवीस वर्षांचे पेशवे वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून गेले.