सुमन कल्याणपूर

सुमन हेमाडी यांचा जन्म 28 जानेवारी 1937 रोजी ढाक्याला झाला. घराणे मूळचे कुंदापूरजवळच्या हेमाडीचे. 1943 मध्ये कुटुंब मुंबईत आले. जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकला शिकत असतानाच संगीतकार केशवराव भोळे यांच्याकडे गाण्याचे शिक्षण सुरू होते. 1954 च्या ‘मंगू’ या चित्रपटातून हिंदी पार्श्वगायनाला सुरुवात झाली. पुढे विवाहानंतर त्या कल्याणपूर झाल्या.

त्यांच्या आवाजाचा पोत लता मंगेशकरांच्या आवाजाशी इतका जुळणारा होता, की तबकडीवर नाव वाचल्याशिवाय अनेकांना गायिका ओळखता येत नसे. हे साम्य त्यांच्या वाट्याला आलेल्या श्रेयाच्या आड आले, आणि तो अन्यायच होता. साठच्या दशकात रॉयल्टीच्या वादामुळे लता आणि मोहम्मद रफी काही वर्षे एकत्र गात नव्हते. त्या काळात रफींबरोबरची बरीच युगुलगीते सुमनताईंकडे आली. ‘राजकुमार’, ‘जब जब फूल खिले’ आणि ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटांतील गाणी त्यांत ठळक. मात्र ‘बात एक रात की’मधील त्यांचे एकल गाणे ऐकले, की ‘पर्यायी आवाज’ हे वर्णन किती तोकडे आहे ते कळते. शब्द जराही न दाबता त्या सूर हलकेच पुढे नेतात.

मराठीत वसंत प्रभू, दशरथ पुजारी, अशोक पत्की यांच्या चालींवरील त्यांची भावगीते आणि भक्तिगीते आकाशवाणीमुळे घरोघरी पोहोचली. महाराष्ट्र शासनाच्या लता मंगेशकर पुरस्कारानंतर 2023 मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.