नाडीच्या वर की खाली?

सांगलीच्या एका वाचक बाईंचं पत्र आलंय. बाळंतपणात त्यांचा गुदद्वाराचा स्नायू फाटला होता. तो बऱ्याच वर्षांनी शिवला, पण शिवण सैलावली आणि मलाची गळती पुन्हा सुरू झाली. ओटीपोटाचे व्यायाम झाले, बायोफीडबॅक, म्हणजे स्नायूचा जोर यंत्रावर बघत करायचा सराव, तोही झाला. आता सर्जनने कायमच्या पिशवीचा विषय काढलाय. बाई विचारतात, ‘पोटावरचं भोक परकराच्या नाडीच्या वर येणार की खाली? घरचे हसतात. म्हणतात, एवढं मोठं ऑपरेशन आणि हिला साडीची पडलीय.’

हसण्यासारखं काही नाही. साडीचीच पडायला हवी.

स्टोमाची, म्हणजे पोटावरच्या त्या भोकाची, जागा ऑपरेशन टेबलावर ठरवायची नसते. भूल दिलेला माणूस उताणा असतो, पोट सपाट दिसतं. तोच उठून बसला की वळ्या पडतात, आणि स्टोमा वळीत आला तर पिशवीची चकती धरत नाही, कडेने पाझरते. म्हणून स्टोमा नर्स आधीच माणसाला झोपवते, बसवते, उभं करते, वाकायला लावते. झोपल्या झोपल्या मान उचलायला सांगते, तेव्हा बेंबीशेजारचा उभा स्नायू हाताला लागतो. खूण शक्यतो त्या स्नायूवर करायची. बेंबी, जुने व्रण, कमरेचं हाड आणि नाडीची रेघ टाळायची. शिवाय ती जागा ज्याची त्याला दिसली पाहिजे, कारण पिशवी त्यालाच बदलायची असते. पोट सुटलेलं असेल तर खूण वर सरकते. बेंबीखाली नाडी बांधणारीची खूण आणि बेंबीवर बांधणारीची खूण एकाच जागी येणार नाही. तेव्हा सांगलीच्या बाईंनी हॉस्पिटलच्या झग्यात नव्हे, रोजच्या साडीत खूण करून घ्यावी आणि नर्ससमोर जमिनीवर मांडी घालून बसून दाखवावं.

ही विद्या वाढली ती एका रुग्णबाईमुळे. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या रूपर्ट टर्नबुल या सर्जननी नॉर्मा गिल यांची इलिओस्टॉमी केली होती, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा. बाई बऱ्या झाल्या आणि आपल्यासारख्यांना मदत करत हिंडू लागल्या. 1958 मध्ये टर्नबुलनी त्यांना थेट कामावरच घेतलं, आणि 1961 पासून तिथे हे काम शिकवायला सुरुवात झाली. आज मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येही स्टोमा क्लिनिक आहे.

खुणेचा आणखी एक उपयोग आहे, आणि लेखकाच्या मते तोच मोठा. खुणेच्या जागी पिशवी चिकटवायची, तीत थोडं पाणी भरायचं आणि दोन दिवस घरात वावरायचं. झोपायचं, केर काढायचा, बाजारात जाऊन यायचं. कापण्याआधी रंगीत तालीम करून बघता येते अशी ऑपरेशनं थोडीच! पाण्याला वास नसतो, वारा सरत नाही, हे खरं. पण ‘मला जमेल का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात मिळतं.

उरलेल्या अर्ध्यासाठी ब्रिटनमधली एक पाहणी बघण्यासारखी आहे. गळतीसाठी कोलोस्टॉमी, म्हणजे मोठ्या आतड्याचा स्टोमा, करून घेतलेल्या 69 जणांना क्रिस्टीन नॉर्टन आणि सहकाऱ्यांनी प्रश्न विचारले होते. निष्कर्ष 2005 मध्ये छापून आले. पुन्हा निवड करायची झाली तर 84 टक्के लोक बहुधा किंवा नक्की स्टोमाच घेणार होते. काहींना मात्र तो अजिबात मानवला नव्हता, तो तिरस्कार जाता जात नव्हता. आकडा दाखवून कुणाला भरीला घालू नये, ते याचसाठी.

हे आकडे गळतीचे आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं. बद्धकोष्ठतेत ज्यांचा स्नायू जोर करताना सैल होण्याऐवजी आवळला जातो, त्यांचा प्रश्न वेगळा. तिथे पहिला मान बायोफीडबॅकचाच. आणि आतडंच मंद असेल तर डाव्या बाजूला कोलोस्टॉमी करूनही मल पुढे सरकत नाही. मग लहान आतड्याचा, म्हणजे इलिओस्टॉमीचा विचार करावा लागतो. ओटीपोटातली दुखरी कळ पिशवीने जाईलच असं नाही. लघवीची गळती असेल तर तिच्यावर पिशवीचा काहीच इलाज नाही.

सांगलीच्या बाईंनी सर्जनला एक गोष्ट मात्र स्पष्ट विचारून घ्यावी: खालचा गुदाशय ठेवणार की काढणार? ठेवला तर त्यात बुळबुळीत स्राव तयार होत राहतो, आणि स्नायू फाटलेलाच असल्याने तो बाहेर पाझरू शकतो, म्हणजे पिशवी असूनही अधूनमधून पॅड लावावं लागेल. काढायचा तर ऑपरेशन मोठं, खालची जखम भरायला वेळ घेते आणि मूत्राशयाच्या नसांना इजा होण्याची भीती असते. बरेच सर्जन आधी तो ठेवतात, फारच त्रास झाला तर नंतर काढतात.