शिवाराचा नकाशा व समपातळीची आंखणी

आपल्या शेताच्या चतुःसीमा तोंडपाठ नसलेला शेतकरी बुलढाणा जिल्ह्यांत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. पूर्वेचा धुरा कोणाचा, पश्चिमेस कोणता नाला, बांधावर बाभळी किती, हें तो झोंपेंतही सांगेल. परंतु त्याच शेताचा नकाशा हातीं दिला कीं कागद उलटा धरला आहे कीं सुलटा, येथपासून शंका सुरू होते. आम्हीं महसुली कारकुनींत असतां हा प्रकार शेंकडों वेळां पाहिला. आणि खरें सांगावयाचें तर पहिलीं कांहीं वर्षें आमची स्वतःचीही गत निराळी नव्हती.

आतां हें ज्ञान केवळ कचेरीचें राहिलेलें नाहीं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकऱ्यानें स्वतः शेतांत उभें राहून पिकाची नोंद व छायाचित्र पाठवावयाचें असतें, आणि त्या छायाचित्राबरोबर उभ्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात. मृद्‌संधारण, वृक्षलागवड, विहिरींची नोंद, यांपैकीं कोणतेंही काम घ्या. ‘कोठें’ या प्रश्नाचें उत्तर कागदावर देतां आलें पाहिजे.

त्यांतून आपला जिल्हा पाण्याची वांटणी करणारा. अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेस पयनघाट व वर बालाघाट, असे दोन भाग जुन्या वऱ्हाडांत मानीत. उत्तरेच्या उतारावरील पाऊस नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांच्या वाटेनें पूर्णेस व तापीस मिळून अरबी समुद्रास जातो. पैनगंगा व खडकपूर्णा यांचें पाणी मात्र शेवटीं गोदावरींतून पूर्वसमुद्रास जातें. माथ्यावरील दोन शेजाऱ्यांचें पाणी दोन समुद्रांस जाणें अशक्य नाहीं. अशा मुलखांत उताराचा अंदाज नजरेनें बांधणें किती घातक आहे, हें आम्हीं पदरमोड करून शिकलों.

आमच्या गांवीं टेकडीच्या उतारावर समतल चर खणण्याचें ठरलें. यंत्र तासाच्या भाड्यानें आणलेलें. त्यामुळें आंखणींत दोन दिवस घालविण्यास कोणी तयार होईना. नकाशा समजणारा म्हणून आमचें मत विचारलें, तेव्हां आम्हींही ‘सपाटच दिसतें’ असें सांगून मोकळे झालों. फक्कीची रेघ मारली, चर झाले, छायाचित्रें निघालीं. मृगाच्या दुसऱ्याच पावसांत चरांतील सारें पाणी एका टोंकास धांवलें, तेथें तुंबून चर फुटला, आणि खालच्या एका अल्पभूधारकाचें नुकतेंच टोबलेलें कपाशीचें बीं गाळाखालीं गेलें. दुबार पेरणीचें बियाणें गांवानें वर्गणीनें दिलें. त्यानें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें वाटलें असतें.

पुढील वर्षीं आम्हीं बांबूचा ‘ए’ आकाराचा सांगाडा करावयास शिकलों. पाणी फाउंडेशनच्या प्रशिक्षणांतून हें साधन राज्यांतील पुष्कळ गांवीं पोंचलें आहे. २०१८ च्या वॉटर कप स्पर्धेंत आपल्याच मोताळा तालुक्यांतील सिंदखेड गांवानें राज्यपातळीवर पारितोषिक मिळविलें, हें वाचकांस स्मरत असेल. सांगाड्याची कृति सोपी आहे. सारख्या लांबीचे दोन बांबू शेंड्याशीं घट्ट बांधावे, पाय ६ फूट फांकवावे व मध्यें आडवी पट्टी बांधावी. शेंड्यापासून दोरीनें दगड असा सोडावा कीं तो पट्टीच्या खालीं लोंबेल. दोन्ही पायांच्या जागीं खुंट्या ठोकून त्यांवर सांगाडा उभा करावा व दोरी पट्टीस जेथें लागेल तेथें खूण करावी. नंतर सांगाडा फिरवून डाव्या पायाच्या जागीं उजवा आणून पुनः खूण करावी. दोन खुणांचा बरोबर मध्य, तो समपातळीचा बिंदु होय. शेतांत एक पाय स्थिर ठेवून, दोरी या मध्यावर येईपर्यंत दुसरा पाय वर-खालीं सरकवावा. दोरी स्थिरावली कीं त्या जागीं चुना टाकून पुढें चालावें.

येथें उतावीळपणा उपयोगी नाहीं. प्रत्येक मांडणींत अर्धाच इंच, परंतु एकाच बाजूस चुकला, तर ६०० फुटांच्या चराच्या १०० मांडण्यांत ५० इंच म्हणजे चार फुटांहून अधिक फरक पडतो. आमचा फुटलेला चर याहून निराळ्या कारणानें फुटला नसावा. म्हणून शेवटास पोंचल्यावर उलट दिशेनें मोजीत यावें, आणि वारा सुटण्यापूर्वीं, सकाळींच काम उरकावें. हलक्या दगडाची दोरी वाऱ्यांत केव्हांच स्थिर राहत नाहीं.

आतां दिशेविषयीं. नकाशाची उत्तर शिवाराच्या उत्तरेशीं जुळविल्यावांचून तो वाचूं नये. आपल्या भागांत चुंबकसूची दाखविते ती उत्तर व खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाहीं, म्हणून साधें होकायंत्र पुरतें. मात्र तें लोखंडी नांगराजवळ किंवा विजेच्या तारेखालीं धरूं नये. रात्रीं ध्रुव आहेच. बुलढाणें सुमारें साडेवीस अक्षांशांवर असल्यानें ध्रुवही क्षितिजापासून तितकाच उंच दिसतो. हात लांब करून मूठ धरली असतां ती सुमारें १० अंश व्यापते. तेव्हां क्षितिजावर दोन मुठी ठेवल्या कीं त्यांच्या किंचित् वर ध्रुव सांपडतो.

प्रमाणाकडे फारच थोडे लक्ष देतात. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ज्या गांवनकाशावर १ इंचास अशा २० साखळ्या हें प्रमाण असेल, तेथें १ इंच म्हणजे ६६० फूट. म्हणजे एकरभर चौरस शेत नकाशावर इंचाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान उतरतें, आणि इंचाच्या पन्नासाव्या भागाइतकी जाड रेघ प्रत्यक्षांत १३ फूट रुंद ठरते! असा नकाशा पुढें टाकून हातभर धुऱ्यासाठीं भांडणारे भाऊ आम्हीं पाहिले आहेत. त्या वादास टिपण व रीतसर मोजणी हाच उपाय.

हीच गोष्ट मोबाइलची. अक्षांश-रेखांश दशांशांत लिहिले तर चौथें स्थान सुमारें ११ मीटर व पांचवें सुमारें १ मीटर दाखवितें. यंत्र सहावें-सातवें स्थानही खुशाल दाखवितें, पण उघड्या आकाशाखालीं साध्या मोबाइलची चूक कांहीं मीटर असतेच, आणि दाट झाडीखालीं वा कड्यालगत ती वाढते. विहीर, चर, रोपवन यांची नोंद करण्यास तें उत्तम. धुरा ठरविण्यास अगदीं निरुपयोगी.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ५० हजारांत एक प्रमाणाच्या नकाशावर समपातळीच्या रेषा २० मीटरांच्या अंतरानें असतात. रेषा दाट तेथें चढ तीव्र, विरळ तेथें मंद. नाल्यांत त्या उगमाकडे टोंक करून वळतात. मात्र आमची सबंध टेकडी अशा दोन-तीन रेषांत संपते, म्हणून बांबू सुटत नाहीं. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनंतर नकाशे करण्यास भारतीय नागरिकास पूर्वपरवानगीची आवश्यकता उरलेली नाहीं, हेंही येथें सांगून ठेवतों.

गळ्यांत पट्टा बांधलेला एक वाघ २०१९ सालीं टिपेश्वराहून १,३०० किलोमीटरांवर चालून आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यांत आला. उपग्रहाच्या साह्यानें त्याच्या जागा टिपल्या गेल्या, म्हणूनच तो कोणत्या वाटेनें आला तें कळलें. रानडुकरें व रोही कोणत्या नाल्यानें पिकांत उतरतात, याच्या तारीखवार नोंदी गांवनकाशावर केल्या तर राखण कोठें ठेवावी हें आपल्यासही ठरवितां येईल. आमच्या गांवीं त्याचा आरंभ झाला आहे.

आंखणीस दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ सोईचा. गवत वाळलेलें असतें व उतार स्पष्ट दिसतो. प्रत्येक सांगाड्यामागें तीन माणसें लागतात: दोन पाय धरण्यास व एक चुना टाकण्यास. गेल्या दोन्ही हंगामांत चुना टाकण्याचें काम त्या कपाशीवाल्या शेतकऱ्यानें आपण होऊन मागून घेतलें, आणि दोरी पुरी थांबल्याखेरीज तो चिमूटभरही चुना सोडीत नाहीं.