सर्पगंधा : ओळख व लागवड

उच्च रक्तदाब हा शब्द आज घरोघरी माहीत आहे. परंतु या विकारावरील सुरुवातीच्या गुणकारी औषधांपैकी एक औषध आपल्याच जंगलातील गुडघाभर उंचीच्या वनस्पतीने जगाला दिले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती वनस्पती म्हणजे सर्पगंधा.

सर्पगंधा अनेक वर्षे जगते. हिमालयाच्या पायथ्यापासून पश्चिम घाटापर्यंत, मोठ्या झाडांच्या सावलीत, पालापाचोळा कुजलेल्या ओलसर जमिनीत ती वाढते. चकचकीत पाने बहुधा तीन-तीनच्या वलयात येतात. फुले पांढरी-गुलाबी, तर पिकलेली फळे जांभळट काळी असतात. औषधी गुण मात्र मुळात, विशेषतः मुळाच्या सालीत असतो.

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी या मुळाचा रक्तदाबाच्या रुग्णांवरील परिणाम १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील लास्कर पुरस्कार मिळाला.

ही कीर्तीच वनस्पतीच्या मुळावर आली. फळ तोडले तर झाड राहते. ते व्याज झाले. येथे मूळच उपटावे लागते, म्हणजे मुद्दलालाच हात! जंगलातून मुळे बेसुमार खणली गेल्याने सर्पगंधा दुर्मिळ झाली. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ कराराचे नियंत्रण आहे. म्हणून लागवड हाच योग्य मार्ग होय.

लागवडीसाठी पिकलेल्या फळांचा गर धुऊन बी सावलीत वाळवावे. पेरणीपूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून तरंगणारे बी टाकून द्यावे. चांगल्या बियांचीही उगवण कमीच असते, त्यामुळे बी जास्त घ्यावे. मे महिन्यात सावलीतील वाफ्यात पेरणी करावी. चार-सहा पानांची रोपे जुलैत, पाऊस स्थिरावल्यावर लावावीत. दोन ओळींत दोन फूट व दोन रोपांत एक फूट अंतर ठेवावे. जमीन भुसभुशीत, शेणखत घातलेली व पाण्याचा निचरा होणारी असावी; पाणी साचल्यास मुळे कुजतात. मुळांचे एक-दोन इंचांचे तुकडे पावसाळ्यात लावूनही रोपे होतात. दोन ते तीन वर्षांनी, हिवाळ्यात पाने गळल्यावर, साल न दुखावता मुळे खणून काढावीत.

एक सूचना महत्त्वाची आहे. हे मूळ कोणीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. त्याने रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो, मनाला तीव्र खिन्नता येऊ शकते. गरोदर स्त्रियांनी तर ते टाळावेच. रक्तदाबाची चालू गोळी सोडून कोणी याच्या मागे लागू नये. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनी आंब्या-फणसाच्या सावलीत निदान एक रोप लावून त्याची वाढ वहीत नोंदवावी. रोप मात्र रोपवाटिकेतूनच आणावे, जंगलातून उपटून नव्हे.