ठोशांचा हिशेब आणि पंचांचा निवाडा

तेरेखोल नदीच्या काठी वसलेल्या आमच्या बांद्यात, जिथून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा सुरू होतो, हारजीत ही उघड्या डोळ्यांना दिसली पाहिजे, अशी लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची धारणा आहे. सीमेपलीकडच्या ज्या धिरयोला पुढे न्यायालयाने मनाई केली, त्या बैलांच्या झुंजीत जो बैल पाठ फिरवून पळाला तो हरला, एवढा कायदा पुरेसा होता. आणि घाटावरच्या कुस्तीतही पाठीला माती लागली की फिर्याद करायला जागा उरत नसे. अशा मुलखातल्या माणसापुढे मुष्टियुद्धाचा निकाल ठेवला, म्हणजे दोघेही उभे, दोघेही घामाघूम, कोणाचीच पाठ टेकलेली नाही, आणि तरीही एकाचाच हात वर केला जातो, तर तो संशयाने पाहू लागतो यात नवल नाही.

२९ जुलै २०२१ च्या दुपारी, बाहेर पावसाची झड लागलेली असताना, आम्ही तिघेजण आमच्या माजघरात टोकिओ ऑलिंपिकमधील मेरी कोमची लढत पाहत होतो. समोर कोलंबियाची इन्ग्रित व्हॅलेन्सिया, रिओतील कांस्यपदकाची मानकरी, जिला मेरीने पूर्वी दोनदा हरवले होते. पहिली फेरी व्हॅलेन्सियाला पाचांपैकी चार पंचांनी दिली. दुसरी मेरीला तीन विरुद्ध दोन. तिसरीही मेरीला तीन विरुद्ध दोन. मेरीने आनंदाने हात उंचावला, आणि रेफ्रीने मात्र व्हॅलेन्सियाचा हात वर केला. आमच्या शेजारचे आबा, ज्यांनी आपली सारी हयात तलाठ्याच्या दप्तरात आकडे जुळवण्यात घालवली, ते खुर्चीवरून उठलेच. “दोन राऊंड तिना जिंकल्यान, मगे हरली कशी ती?”

प्रश्न रास्त होता, आणि तो एकट्या आबांचा नव्हता. आपण हरलो आहोत हे रिंगमधून उतरल्यावर काही वेळपर्यंत आपल्याही ध्यानात आले नव्हते, असे खुद्द मेरीनेच मागाहून सांगितले. मी आबांच्याच वहीचे एक पान घेऊन त्यावर पाच उभे रकाने आखले, प्रत्येक पंचाचा एक, आणि तीन आडव्या ओळी, प्रत्येक फेरीची एक. एकूण पंधरा घरे. पहिल्या ओळीत व्हॅलेन्सियाची चार, मेरीचे एक. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत व्हॅलेन्सियाची दोन-दोन, मेरीची तीन-तीन. बेरीज केली तर व्हॅलेन्सिया आठ, मेरी सात. शिवाय निकाल आडव्या ओळींचा लागतच नाही. प्रत्येक पंच आपापल्या उभ्या रकान्याची बेरीज करून आपला विजेता ठरवतो, आणि पाचांपैकी ज्याच्या बाजूने अधिक पंच तो जिंकला. त्या दिवशी तीन पंच व्हॅलेन्सियाकडे गेले, दोन मेरीकडे. एखाद्या पक्षाला मते अधिक पडावीत आणि जागा कमी मिळाव्यात, हे ज्यांनी निवडणुकीच्या रात्री पाहिले आहे, त्यांना या हिशेबाचे आश्चर्य वाटू नये. आबांनी बेरीज दोनदा ताडून पाहिली, ती बरोबर निघाली, आणि ते म्हणाले की हिशेब चोख असला म्हणजे न्याय झाला असे होत नाही. महसूल खात्यातला माणूस हे अनुभवाने बोलत होता.

गैरसमजाचे मूळ असे की, गुण हा शब्द ऐकताच आपण मोजणीची कल्पना करतो. जणू काठावर बसलेला कारकून लागलेल्या प्रत्येक ठोशाची नोंद करतो आहे. प्रत्यक्षात तसे काही नाही. आजच्या पद्धतीत फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण द्यावेच लागतात, हरणाऱ्याला साधारणतः नऊ. खाली पाडले गेले किंवा फेरी फारच एकतर्फी झाली तर आठ. म्हणजे केसभर फरकाने जिंकलेली फेरी आणि चांगल्या वर्चस्वाने जिंकलेली फेरी यांची किंमत एकच, आणि फेरी संपली की तिचे खाते बंद. पहिल्या फेरीतले वर्चस्व तिसऱ्या फेरीच्या उतरणीला कामी येत नाही. प्रेक्षकाच्या मनात मात्र सगळी लढत एकसंध वाहत असते, आणि शेवटच्या मिनिटाला जो जोरात असतो तोच त्याच्या स्मरणात ठसतो. व्यावसायिक मुष्टियुद्धात स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, सार्थ आक्रमण, रिंगवरचा ताबा आणि बचाव अशा चार कसोट्या सांगितल्या जातात; पण कोणत्या कसोटीला किती वजन द्यायचे याचा तराजू प्रत्येक पंचाच्या मनातच असतो. आमच्या सिंधुदुर्गात रात्रभर डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, रंगते, तेव्हा एकाला बुवांचा गजर श्रेष्ठ वाटतो, तर दुसऱ्याला समोरच्या बुवांनी दिलेले रोखठोक उत्तर. पहाटे घरी जाताना दोघेही आपलाच बुवा जिंकला म्हणतात, आणि दोघेही खोटे बोलत नसतात.

त्यात जागेचा प्रश्न आहे. पंच रिंगच्या निरनिराळ्या बाजूंना बसतात, आणि ज्याच्याकडे योद्ध्याची पाठ आहे त्याला बरगडीवर बसलेला ठोसा दिसत नाही, हातमोज्यावर अडलेला ठोसा मात्र लागल्यासारखा दिसतो. आपण घरी पाहतो ते उंचावरच्या कॅमेऱ्यातून, आणि समालोचकाच्या स्वरातल्या चढउतारासह. त्या स्वराने आपल्याआधी निवाडा केलेला असतो हे आपल्या गावीही नसते.

तथापि, सारे मतभेद निष्पाप असतात असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ७१ किलो गटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने, एका मोजणीनुसार, यजमान कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे मारले आणि ३२ खाल्ले. पंचांनी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी पार्कला विजयी केले, आणि त्याच स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्ध्याचा व्हॅल बार्कर करंडक जोन्सला देण्यात आला. हरलेल्यास सर्वश्रेष्ठ ठरवणाऱ्या या विसंगतीवर टीका करण्याचीही गरज नव्हती. तिच्यावर उपाय म्हणून संगणक आला. १९९२ च्या बार्सिलोनात पाच पंचांपुढे तांबडी आणि निळी कळ ठेवली गेली, आणि पाचांपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत एकच कळ दाबली तरच ठोसा जमा धरला जाऊ लागला. निर्णयाची जागा मोजणीने घेतली, आणि खेळ सुकला. झपाट्याने मारलेल्या चार ठोशांपैकी तीन कळांच्या गडबडीत हरवत, पोटावरचे ठोसे नोंदलेच जात नसत, म्हणून मुले एक सरळ ठोसा मारून मागे सरायला शिकली. लंडन ऑलिंपिकनंतर ती पद्धत मोडीत निघाली आणि दहाचा नियम आला.

पण नियम बदलला म्हणून नियत बदलत नाही. २०१६ मध्ये रिओत आयर्लंडचा मायकेल कॉन्लन रशियाच्या व्लादिमिर निकितिनकडून गुणांवर हरला, आणि विजेता निकितिन इतका जखमी होता की पुढच्या लढतीला उतरूच शकला नाही; त्या स्पर्धेतील सर्व ३६ रेफ्री आणि पंचांना नंतर चौकशी होईपर्यंत दूर ठेवण्यात आले, आणि २०२१ च्या मॅक्लारेन अहवालाने रिओत लढतींचे निकाल फिरवण्याची यंत्रणा असल्याचे नमूद केले. त्यामुळे २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सरिता देवीने उपांत्य लढतीच्या निकालाने व्यथित होऊन आपले कांस्यपदक कोरियन प्रतिस्पर्धी पार्क जी-नाच्याच गळ्यात घातले, आणि त्यापायी एका वर्षाची बंदी भोगली, तेव्हा तिला केवळ चिडकी ठरवणे मला कधी पटले नाही.

लबाडी नसतानाही पंचांत किती अंतर पडू शकते, याचा नमुना लास वेगासला सापडतो. १९८७ मध्ये हॅगलर आणि लिओनार्ड या व्यावसायिक मुष्टियोद्ध्यांच्या बारा फेऱ्यांच्या लढतीत एका पंचाने हॅगलरला ११५–११३ असे, दुसऱ्याने लिओनार्डला ११५–११३ असे, आणि तिसऱ्याने लिओनार्डला ११८–११० असे गुण दिले. तीस वर्षांनी, २०१७ मध्ये, अल्वारेझ आणि गोलोव्किन यांच्या लढतीत पुन्हा एकीने अल्वारेझला ११८–११० लिहिले, दुसऱ्याने गोलोव्किनला ११५–११३, आणि तिसऱ्याने बरोबरी. ११८–११० म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या एकालाच. शेजारच्या बाजूला बसलेल्याला त्याच फेऱ्या दुसऱ्याच्या वाटत होत्या. गंमत अशी की दोन्ही रात्री ११५–११३ लिहिणारांत डेव्ह मोरेटी हा एकच गृहस्थ होता.

आपल्या मातीतही हा रोग पसरला आहे, आणि तो निकाली कुस्ती मागे पडून गुणांची कुस्ती पुढे आल्यामुळे, असे माझे मत आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर टाकलेल्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले, आणि ते दोनच हवे होते की चार, यावर कोल्हापूरपासून सोलापूरपर्यंत कित्येक दिवस चावडी रंगली. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला शिवराज राक्षेने चितपटीचा निकालच अमान्य करून पंचाला लाथ मारली, गायकवाडने अंतिम कुस्ती सोडून दिली, आणि दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन होऊ शकत नाही; परंतु पाठ टेकली की नाही याबद्दलही जेव्हा दुमत होऊ लागते, तेव्हा बांद्याच्या माणसाची जुनी धारणाही पुरी पडत नाही.

पुढे गणपतीत मी आबांपुढे एक सूचना मांडली. मेरीची तीच लढत फोनवर लावायची, आवाज पूर्ण बंद ठेवायचा, प्रत्येक फेरीनंतर कोणाशी न बोलता कागदावर दहा आणि नऊ लिहायचे, आणि लिहिलेले खोडायचे नाही. तिघांनी तसे केले. माझ्या भाच्याने मेरीला ३०–२७ दिले, मी मेरीला २९–२८. आबांनी चष्मा काढून आपला कागद बराच वेळ न्याहाळला. त्यावर त्यांच्याच वळणदार अक्षरात व्हॅलेन्सिया २९, मेरी २८ असे लिहिलेले होते. कागद घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात घातला, आणि मेरीवर अन्याय झाला हे ते आजही सांगतात.